सुपारी की बांबू

राऊतबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते हातात हातोडा घेतलेलं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. दिवसभर खपून केलेली पोलादाची पिन मी मोठ्या ऐटीत त्यांच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती पकडीत आवळली, पदर खोचला आणि असा घाव घातला की पिनेचे दोन तुकडे झाले. मी हादरलोच. त्या मात्र तुटलेल्या तोंडावर भिंग धरून म्हणाल्या, "रागावू नकोस. वरून सगळंच पोलाद चकचकीत. आत काय आहे ते मोडल्याशिवाय कळत नाही."

बाई शिरगावच्या, वाडवळ बागायतदाराच्या घरातल्या. धातुशास्त्र शिकलेल्या, पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या. भट्टीवर त्यांचाच शब्द चाले. कुठलंही पोलाद आलं की विचारायच्या, "सुपारी की बांबू?" सुपारी आरपार कडक, म्हणून अडकित्त्यात फुटते. बांबूची साल कडक पण पोट चिवट, म्हणून तो वाकतो, फुटत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या मालकांनी, शेठनी, नेमबाजीच्या रायफली बनवण्याचा परवाना मिळवला. ते स्वतः हौशी नेमबाज. गोळी सुटताना सगळा धक्का नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या बोल्टवर येतो, आणि त्या बोल्टच्या मागे माणसाचा गाल असतो. म्हणून बाईंनी निकेल-क्रोमचं, कमी कार्बनचं पोलाद मागितलं. भट्टीत त्याच्या फक्त सालीत कार्बन मुरवायचा. वर कडक, आत चिवट. शेठना मात्र गोदामात पडलेलं बेअरिंगचं पोलाद खपवायचं होतं.

"बाई, मशीनवर दोन्ही सारखीच कडक भरतात!"

"मशीन साल मोजते, शेठ. ही आतपर्यंत सुपारी आहे."

शेठनी ऐकलं नाही. नमुना त्याच पोलादाचा झाला.

चाचणी पालघरजवळच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत होती. शेठ ताडपत्रीवर पालथं पडून पहिली गोळी स्वतः झाडणार होते. इतक्यात बाई पुढे झाल्या आणि त्या ताडपत्रीवर मांडी घालून बसल्या.

"उठा, बाई."

"पहिली गोळी दोरीनं."

"मी काय लहान पोर आहे?"

"नाही ना! पोर असता तर हाताला धरून ओढलं असतं. म्हणून बसले."

शेठ लालबुंद झाले, पण बाई हलेनात. शेवटी रायफल एका जुन्या टायरला बांधली, चापाला दोरी लावली आणि आम्ही सगळे कातळाआड गेलो. शेठनी रागारागानं दोरी ओढली.

तो आवाज गोळीचा नव्हताच. धूर विरला तेव्हा रायफलचा मधला भाग जागेवर नव्हता. लाकडी दस्ता उभा चिरला होता. बोल्टचा अर्धा तुकडा मागच्या आंब्याच्या खोडात रुतला होता. शेठच्या हातात दोरी तशीच होती.

मला वाटलं, आता बाई म्हणणार, 'सांगितलं होतं ना?' पण त्याच पांढऱ्याफटक पडल्या होत्या. एकेकाच्या दंडाला हात लावत फिरत होत्या. "तू हायस ना? आन् तुमी? कुनाला लागलं नाय ना?" घरची बोली त्यांच्या तोंडून कारखान्यात मी कधी ऐकली नव्हती. शेठच्या गालावरून त्यांनी चक्क हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला वाटलं, तडा जाईल. येवढं नाय वाटलं रे."

पुढे बाईंच्या पोलादाची रायफल झाली. तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त दारूची काडतुसं दोरीनं झाडली, तरी बोल्ट बोटानं अलगद उघडला. बाई मात्र त्या दिवशी खाणीत आल्या नाहीत, आणि पुन्हा कधीच कुठल्या चाचणीला आल्या नाहीत.

काही वर्षांनी, कामावरून घरी पोचल्या आणि ओटीवर बसल्या बसल्या बाई गेल्या. सकाळी आमच्याशी बोललेलं माणूस संध्याकाळी नाही, हे कुणालाच खरं वाटेना. आम्ही शिरगावला गेलो. शेठही आले होते, वयानं खूप थकले होते. ते तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले, तसा त्यांचा मुलगा अडवू लागला, "बाबा, तुम्हाला झेपायचं नाही."

"सरक," शेठ म्हणाले.

किनाऱ्यावरच्या वाळूतून पाय ओढत चालले, पण स्मशानापर्यंत त्यांनी कुणाला खांदा बदलू दिला नाही.