जित्या माणसांची यादी

वालूरची छबूबाई उसात शिरली की भले भले गडी मागं पडायचे. खोटं वाटत असेल तर वैजीनाथ मुकादमाला विचारा. आता तोही कबूल करील, तेव्हा मात्र त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

ऊसतोडीची रीतच उफराटी. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकात चढवायच्या, आणि मुकादमाच्या यादीत नाव एकट्या नवऱ्याचं. अकरा वर्षं छबूबाई 'रामकिशनचा कोयता' म्हणून राबली. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. रामकिशन भला माणूस होता.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो काविळीनं गेला. दिवाळी झाली, टोळीचं निघायचं ठरलं. नणंद नर्मदाबाई नवऱ्यानं टाकलेली, घरातच होती. तिला जोडीला घेऊन छबूबाईनं मुकादमाला निरोप धाडला, आमी दोघी येतोत. वैजीनाथ रामकिशनचा दोस्त. तो हो म्हणाला.

देवगाव फाट्यावर ट्रक लागला. बोचकी, पोरं, कोंबड्या वर चढल्या. वैजीनाथ यादी वाचायला लागला.

"दिनकर, कोयता एक. भुजंग, कोयता एक. रामकिशन, कोयता एक."

छबूबाईनं चढायला उचललेला पाय खाली घेतला.

"भाऊजी, कुणाला हाक मारायलात?"

"तुमालाच की, वैनी. यादीत गड्याचंच नाव लागतंय. चढा."

"मालकाला जाऊन सहा महिने झाले. गेलेलं माणूस यादीत, अन् आमी जित्या दोघी कुठंच न्हाई?"

"नावाचं काय घेऊन बसलात?"

"सात वर्षं झाली, विद्यापीठाच्या एका नावापायी सगळा मराठवाडा भांडायलाय. नावात काईच नसतं तर माणसं कामून भांडली असती?"

ट्रकातून भुजंग म्हणाला, "दोघी बायाच. मोळ्या कोण चढवील?"

"मागल्या साली कोण चढवायलं होतं? मालक खाली बसून बिडी ओढायचे."

गडी हसले. भुजंगच्या बायकोनं तोंडाला पदर लावला.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तशी नर्मदाबाई घायकुतीला आली. ट्रक गेला तर हिवाळाभर खायचं काय? ती छबूबाईच्या कानाशी लागली, "चला की, वैनी. पोटाला का नाव लागतंय?"

भ्या छबूबाईलाही वाटत होतं, लय वाटत होतं. पण ती रस्त्याच्या कडेला बोचक्यावर बसली ती बसलीच.

"माणसांत गणती व्हत नसल, तर आमी हितंच बऱ्या."

वैजीनाथ चिडला. ट्रकाभोवती दोन येरझाऱ्या घातल्या. वरच्या साऱ्या बाया त्याच्याकडंच बघत होत्या. शेवटी त्यानं कानावरची पेन्सिल काढली, रामकिशनच्या नावावर रेघ मारली, खाली काहीतरी लिहिलं.

"छबूबाई अन् नर्मदाबाई, कोयता एक."

छबूबाई तशीच बसून. अकरा वर्षांत या फाट्यावर तिला नावानं कुणी पुकारलंच नव्हतं, तेव्हा ओ द्यायचं तिच्या ध्यानातच येईना. नर्मदाबाईनं ढोसलं तशी ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हाय." आवाज असा खणखणीत की चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

वैजीनाथ यादीची घडी घालायला लागला, तर भुजंगची बायको ट्रकातून खाली वाकली.

"थांबा, मुकादम. माजं नाव मनकर्णा हाय. मालकाच्या नावाशेजारी लिवा."