मोबाइलपुढे नारळ

माझ्याशी बोलून काही उपयोग नसतो, हे अख्ख्या मिठबाव गावाला माहीत आहे. माझी बायको वनिता पिंगुळीची, त्यामुळे तिला ते लग्नानंतर कळलं.

वडील गेले तेव्हापासून तर मी आंब्याच्या कलमांत जायचो, यायचो, जेवायचो आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचो. (भिंतीने कधी तक्रार केली नाही.) वनिताने केली. शिमग्याला माहेरी गेली ती तिकडेच राहिली आणि फोनवर अट घातली. पुण्याच्या एक अनुभवी समुपदेशक बाई ऑनलाइन भेटतात, त्यांच्यापुढे दोघांनी बसायचं. "थंय तुमी तोंड उघडलास तर मी येतलंय. नायतर येवचंय नाय!"

आता आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. ती फक्त अंगणात, तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर. तेव्हा सकाळी मी मोबाइल तुळशीला टेकवला आणि खाली मांडी घालून बसलो. पडद्याच्या अर्ध्या भागात बाई, अर्ध्यात वनिता. आईची पूजा नुकतीच आटपलेली, त्यामुळे शेजारी उदबत्तीही जळत होती. लांबून बघणाऱ्याला काय वाटेल, हा विचार मला शिवलाही नाही.

बघितलं ते आबांनी. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. गावात कुणाची नवी होडी पाण्यात उतरो, की कुणाची म्हैस आटो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला आबाच लागतात. ते एकेक मागणं खणखणीत आवाजात सांगणार आणि जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं.

"बोला, मन मोकळं करा," बाई म्हणाल्या.

मी घसा खाकरला. मग पुन्हा एकदा खाकरला.

"दिगू, कोणाक सांगतंस रे?" आबा पडवीतून उतरले.

"पुण्याच्या बाई आसत. तेंका मनातला सांगूचा, म्हणजे त्रास जाता."

"मग नारळ खंय?"

"आबा, हयसर नारळ लागणा नाय!"

"बिननारळाचा कोण ऐकतला तुझा?"

आणि मी उठायच्या आत मोबाइलपुढे नारळ! आबांनी टोपी नीट केली, हात जोडले. आईने पदर डोक्यावर घेतला. (स्वतःच्या मुलाला वाचवायचं सोडून!) आवाज ऐकून शेजारचे कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले.

"बाये म्हाराजा! ह्यो दिगू, माझ्या भावाचो झील. बापूस गेल्यापासून ह्येची वाचा बसली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बायलेशी बोलणा नाय, आवशीशी बोलणा नाय. तोंड उघडता ता फक्त जेवूक, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा.

"सोन्यासारखी सून म्हायराक धाडल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज मोबाइलमधून आला. वनिता! हात जोडून!

रस्त्यासाठी, पाण्यासाठी या गावाचं कधी एकमत झालं नाही. माझ्या बाबतीत मात्र एकही मत विरोधात नाही! मला असा संताप आला की नारळ तिथेच आपटावा. दुःख माझं, अंगण माझं, आणि बोलत होता सगळा गाव!

तेवढ्यात आबांचा आवाज खाली आला. "कलमात जावन एकटोच रडता, म्हाराजा. माझ्या डोळ्यांनी बघलंय. ता बायलेक सांगूची बुद्धी ह्येका दी."

आईने डोक्यावरचा पदर डोळ्यांना लावला. ही गोष्ट फक्त कलमांना माहीत आहे अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या कुठल्याही बाईंनी एव्हाना फोन बंद केला असता. या खरंच अनुभवी. "धन्यवाद, आबा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता दिगंबर स्वतः बोलतील."

आबांनी नारळ फोडला. वनिता पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचे डोळे भरले होते. "खराच रडतास? माका कित्याक नाय सांगलास?"

'घरी ये' एवढंच म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आलेही. आणि मी काय केलं? तोंड उघडं, डोळे स्थिर, हात अर्धवट वर! नेट गेल्यामुळे चित्र अडकलंय असं दाखवत मी श्वाससुद्धा रोखून धरला!

बाई पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "दिगंबर, तुमचं चित्र अडकलेलं नाही. तुमच्या मागे आबा खोबरं वाटताहेत."

वनिताने डोळे पुसले आणि फोन बंद केला.

ती अजून पिंगुळीलाच आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. आबांना! दोघं भरपूर बोलतात, हसतातसुद्धा. मी शेजारी बसून असतो. शेवटी आबा फोनवर हात ठेवून विचारतात, "दिगू, तुझा काय सांगू तिका?"

आणि इतकं समुपदेशन झालेला मी मोठ्या हिमतीने सांगतो, "सांगा, बरो आसंय!"