जफर मिस्त्रीची खुडूक पेटी

कळंबात कोणालाही विचारा, जफर मिस्त्री कुठं राहतो. ज्याला विचाराल तो पत्ता सांगणार नाही. आधी आपल्या घरच्या कूलरची तक्रार सांगेल. पंप पाणी चढवत नाही, पंखा विमानासारखा ओरडतो, वाळ्याच्या ताट्यांना वास येतो. सव्वीस वर्षं जफरने गावाला गार ठेवलं, आणि सव्वीस वर्षं त्याला एकच दुःख होतं: लोक त्याला कूलरवाला म्हणत.

जफरला संशोधक व्हायचं होतं. त्याचं म्हणणं असं, की यवतमाळ जिल्ह्यात कापूस एखाद्या साली दगा देईल, पण ऊन कधी देत नाही. आणि एवढं पीक दर वर्षी उभ्या उभ्या वाया जातं. हे ऊन गोळा करायला त्याने आधी मिरच्या वाळवायची काचेची पेटी केली. मिरच्या उत्तम वाळल्या. फक्त पेटी उघडली की अर्धी गल्ली शिंकायची. मग उन्हावर चहा करायचं यंत्र केलं. सकाळी आठला आधण ठेवलं तर चहा साडेअकराला व्हायचा, आणि तोवर पाहुणा उठून गेलेला असायचा.

तिसरी युक्ती मात्र जमली. एक मेलेला फ्रिज त्याने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत चढवला. शेजारी, एका लॉजने भंगारात काढलेली पाणी तापवायची सोलर टाकी. टाकीतलं गरम पाणी तांब्याच्या नळीतून फ्रिजच्या पोटात फिरायचं. आत साडेसदतीस अंश झाले की पंप आपोआप बंद, कमी झाले की चालू. दिवसभराचं ऊन टाकीत साठायचं आणि रात्रभर पुरायचं. जन्मभर थंडी देणाऱ्या फ्रिजला म्हातारपणी त्याने अंडी उबवायला बसवलं. जानेवारीत त्याच्या बायकोने, हमीदाने, चाळीस अंडी ठेवली आणि एकतीस पिल्लं निघाली. जफरने दुकानावर नवी पाटी लावली, 'जफर सोलर'. पाटी वाचून लोक आत येत आणि विचारत, "मिस्त्री, कूलर करता न अजून?"

मे महिन्यात एका सकाळी विमलताई टोपली घेऊन आल्या. तीन कोसांवरच्या खेड्यातल्या. बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या तेव्हा आईने दोन कबऱ्या कोंबड्या सोबत दिल्या होत्या, काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या. त्यांचाच वंश अंगणात चालत आला होता. परवा रानमांजर खुराड्यात शिरलं. कोंबडा गेला, पाचही कोंबड्या गेल्या. उरली ती टोपलीतली एकोणीस अंडी.

"गावात एक खुडूक कोंबडी नाही जफरभाऊ," विमलताई म्हणाल्या. "या उन्हात कोणतीच बसून नाही राह्यली. माह्या मायची एवढीच निशाणी हाये आता."

त्यांचे यजमान किसनराव मोटारसायकलवरूनच बोलले, "मी म्हटलं, आमलेट करू. तं दोन दिवस झाले, माह्याशी बोलून नाही राह्यली."

"किसनभाऊ, थंडीतल्या पोरकट उन्हात एकतीस पिल्लं निघाली," जफर म्हणाला. "आता तं मे महिना. ऊनच ऊन."

या वाक्यातली चूक तिथं कोणाच्याच लक्षात आली नाही. सव्वीस उन्हाळे उन्हाशी कुस्ती खेळलेल्या माणसाच्या तर मुळीच नाही.

विमलताईंनी प्रत्येक अंड्याला एका बाजूने कोळशाचा टिकला लावला. सकाळी टिकला वर, संध्याकाळी खाली. म्हणजे अंडं फिरवलं की नाही ते कळतं. मग कमरेतून एक लोखंडी खिळा काढला. वीज कडाडली तर आतला जीव दचकून मरू नये म्हणून रवणात, उबवायला मांडलेल्या अंड्यांत, लोखंड ठेवतात. जफर म्हणाला, मशीनमध्ये त्याची गरज नसते. हमीदाने खिळा घेतला आणि अंड्यांच्या मध्ये ठेवला.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी दुपारी जफर गच्चीवर गेला, तर काटा एकोणचाळीसवर. पंप तर केव्हाच बंद झाला होता. त्याने नळी सोडवली, दार फटभर उघडलं. पत्र्याखालची झळ आत शिरली आणि काटा चाळीसवर गेला. जफरने वहीने वारा घालायला सुरुवात केली. पंचेचाळीस अंशांचाच वारा तो. अंड्यांना काय फरक पडणार.

हमीदा जिन्यात येऊन उभी राहिली. "काय करून राह्यले?"

"सेटिंग."

"घामानं भिजलेत तुम्ही. आत त्या लेकरायचं काय होत असन?" तिने पत्र्याला बोट लावून झटकन काढलं. "बाहेर पंचेचाळीस हाये. ह्या पेटीले अजून ऊन कायले पायजे?"

"सोलर हाये ते, हमीदा. खाली नेलं तं सोलर कसं राहीन?"

"खुडूक कोंबडीबी उन्हाळ्यात अंड्यावरून उठते. पाणी पिते, सावली पाह्यते. तुमची कोंबडी तं गच्चीवरून हालाले तयार नाही."

जफरच्या हातातली वही थांबली. पेटीला ऊब देण्यात त्याने सगळी अक्कल खर्च केली होती. यवतमाळात मे महिन्यात ऊब द्यायची नसते, काढून घ्यायची असते, हे जिल्ह्यात ज्याला सगळ्यात चांगलं ठाऊक, तोच विसरला होता.

अंडी टोपलीत घेऊन हमीदा उतरली. फ्रिज पाठीवर घेऊन जफर उतरला. खालच्या खोलीत पेटी ठेवली आणि कूलर शोधू लागला. घरात कूलर होता. पण मिस्त्रीच्या घरचा कूलर तीन उन्हाळे 'उद्या पाह्यतो' या एकाच पार्टवर चालू होता. जफरने मोटर उघडली, गुंडाळी जोडली, नव्या ताट्या ठोकल्या, पाणी सोडलं. चाळीस मिनिटांत ओलसर गार वारा खोलीभर फिरला.

हमीदा त्या वाऱ्यात ओढणी सैल करून बसली. "तीन उन्हाळे मी सांगून राह्यली, तं टाइम नव्हता. मीच अंडं घालाले पायजे होतं."

जफर पेटीशी वाकला. काटा अडतीसवर आला होता. सव्वीस वर्षं ज्या नावाची लाज वाटली, त्याच हुन्नराकडे तो हात जोडल्यासारखा पाहत होता. त्याने गच्चीवरच्या टाकीपासून खालपर्यंत लांब नळी आणली. त्या दिवसापासून अंडी दुपारभर कूलरच्या सावलीत आणि उतरत्या रात्री टाकीतल्या उन्हात राहिली.

आठव्या दिवशी विमलताई आल्या. अंधाऱ्या कोपऱ्यात मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. सात अंडी नुसती उजळली, आत काही नाही. जफरने पाचव्या दिवसाची सगळी गोष्ट सांगून टाकली, वहीने वारा घातला तेही. विमलताईंनी उरलेली अंडी मोजली.

"बारात नसा दिसतात न?"

"दिसतात."

"मंग बारा सांभाळा," त्या म्हणाल्या, आणि टिकला वर आहे का ते बघून अंडी ठेवली.

एकविसाव्या दिवशी नवराबायको सकाळीच हजर झाले. नऊ वाजले, बारा वाजले, टरफलाला तडा नाही. किसनराव म्हणाले, "मिस्त्री, मीठ-मिरची आणून ठेवू का?"

"चूप बसा," विमलताई म्हणाल्या. त्यांनी एक अंडं कानाला लावलं. बराच वेळ तशाच राहिल्या. मग हमीदाच्या कानाला लावलं. हमीदाने जफरकडे पाहून नुसती मान हलवली. आतून कोणीतरी चिवचिवत होतं.

संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली, ओली, चिडलेली, काळ्या अंगावर पांढरे ठिपके मिरवत. किसनरावांनी आपलं उपरणं टोपलीत अंथरलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलं. विमलताईंनी खिळा परत कमरेला लावला. एकच विचारलं, "यायच्यात कोंबडा असन का?"

"ते तीन महिन्यांनी कळते, ताई," हमीदा म्हणाली. कोंबड्याशिवाय नऊ कोंबड्याही वंश चालवत नाहीत, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

पुढचे तीन महिने जफर कोणी न विचारता सांगत असे, की मशीनमध्ये नर-मादी ठरवता येत नाही. झोपेतही सांगायचा, असं हमीदा म्हणते.

पोळा झाला, आणि एका दुपारी दीड वाजता किसनरावांचा फोन आला. "मिस्त्री, ऐक," म्हणाले आणि फोन दूर धरला. पलीकडून गंजलेलं दार उघडावं तसा एक लांब, फाटका आवाज आला. आरवणंच होतं ते. मागून विमलताईंचं हसू ऐकू आलं.

"आयकलं न?" किसनराव म्हणाले. "आता मले सांग, माह्या जिंदगीत कोंबडे पहाटे आरवले. तुहा हा भर दुपारी काहून आरवते?"

जफरने समोरच्या गिऱ्हाइकाचा कूलर बाजूला सरकवला आणि खुर्चीत ऐसपैस बसला.

"सोलरचा हाये न, किसनभाऊ. ऊन चढल्याशिवाय चालू होत नाही."