भिंतीकडचा कठडा

आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी जिना बघते. मिरजेच्या दवाखान्यातून ती पायांनी चालत घरी आली खरी, पण डावा हात लुळाच राहिला. सांगलीत माझ्या घरचे मला हसतात. नवरा म्हणतो, "लग्नाला जाऊन नवरीऐवजी रेलिंग बघणारी तूच." हसू देत.

धाकटा भाऊ फौजेतून निवृत्त झाला आणि उंब्रजजवळच्या आमच्या गावातल्या घरावर त्याने मजला चढवला. जिना बाहेरून, भिंतीला लागून. उघड्या बाजूला स्टीलचं रेलिंग बसवलं, ते चढताना उजव्या हाताला येतं. मी म्हटलं, भिंतीकडेही पाइप लाव. आई चढेल उजव्या हाताने, पण उतरताना रेलिंग डावीकडे जाणार, मग धरणार कशाने?

"अक्का, भिंतीला कशाला रेलिंग? भिंत काय पळून जाती व्हय?" तो म्हणाला. "आन् जिना अरुंद झाल्यावर कपाट, पलंग कसं चढवू? एका बाजूला असलं तरी नियमात बसतंय, इंजिनिअरनं सांगितलंय."

इंजिनिअरने आमची आई पाहिली नव्हती. पण माझं ऐकतो कोण!

वास्तुशांतीला वरच्या नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचं होतं. तो मान घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे आईचा. खालच्या गॅसवर घालव, असं मी सुचवलं तर ती माझ्यावरच डाफरली, "नव्या घराचं दूध जुन्या चुलीवर? खुळी का काय तू!" गुरुजी सारखे घड्याळ बघत होते. ती रेलिंग धरून, थांबत थांबत, पण चढली. दूध पातेल्याबाहेर आलं तसा बायकांनी एकच गलका केला. भावाने माझ्याकडे बघून मिशीत हसून घेतलं.

उतरायची वेळ आली आणि ती वरच्या पायरीवर थबकली. उजवीकडे नुसती गुळगुळीत भिंत. तिने तळवा टेकवला, तो घसरला. भावाचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आई, थांब. खुर्चीत बसवून उतरवतो तुला."

"मी काय मढं हाय, चौघांनी उचलायला?"

आणि ती सरळ पाठमोरी वळली. रेलिंग पुन्हा तिच्या उजव्या हाताला आलं. "गाभाऱ्यातनं न्हाई का निघत, देवाला पाठ न दावता," ती म्हणाली. मी भिंतीला घासत तिच्या खालच्या पायरीवर गेले आणि तिच्या कमरेला दोन्ही हात लावले. ती कोसळली असती तर मी काय डोंबल सावरणार होते!

दर पायरीला ती विचारायची, "हायस न्हवं गं मागं?"

"हाय," मी म्हणायचे.

तिचे पाय अंगणाला लागले तेव्हा भाऊ वरूनच ओरडला, "उद्याच भिंतीला पाइप मारतो!" मी तिला सोप्यात न्यायला निघाले, तर तिची मूठ रेलिंगवरून सुटेना. शेवटी मीच एकेक बोट सोडवलं. हात गार पडला होता.

"लय भ्या वाटलं गं," ती माझ्या कानाशी म्हणाली. "त्याला सांगू नगंस."