बोअरमध्ये गेलेला आस

पडेगावच्या नव्या सोसायटीत दत्तोपंतांना सगळे टँकरवाले काका म्हणत. त्यात चेष्टा थोडी, मान जास्त. वैजापूरच्या तहसील कचेरीत टंचाईच्या टेबलावर त्यांनी एकवीस वर्षं काढली होती. कोणत्या गावाला किती खेपा आणि कोणत्या विहिरीत किती पाणी, हे त्यांना तोंडपाठ असे. निवृत्त होऊन ते शहरात राहायला आले, तर दुष्काळही त्यांच्या मागोमाग बिऱ्हाड घेऊन आला.

दोन हजार एकोणीसचा मे महिना होता. चहूबाजूंनी इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीच्या पायाशी एक बोअर होती. सोसायटीचे चेअरमन सर्जेराव सकाळीच दारात येऊन उभे राहिले.

"काका, मोटर नुसती हवा फेकतीय. पाणी किती खाली गेलंय तेवढं बघा की. तुमचा हातखंडा हाय."

दत्तोपंतांनी दोरी काढली. वजनाला काही हवं होतं. मुलीच्या, मनस्विनीच्या खोलीतल्या खिडकीत एक धातूची कांडी पडलेली दिसली. बोटभर जाडीची, वीतभराहून आखूड आणि आरपार पोकळ. दोरी ओवून गाठ मारायला जणू मुद्दाम घडवलेली. सवयीप्रमाणे त्यांनी आधी पट्टीनं तिची लांबी मोजली आणि वहीत लिहिली. बोअरची खोली म्हणजे नुसती दोरी नव्हे, खालच्या वजनाची लांबीही तिच्यात मिळवायची, हा कचेरीतला नियम. दोनशे फुटांवरही पाणी लागलं नाही. वर ओढताना दोरी मोटरच्या केबलला अडकली. त्यांनी एक हिसका दिला. दोरी वर आली, ती एकटीच.

ती कांडी म्हणजे मनस्विनीच्या डोंगरावर जायच्या सायकलीचा पुढचा आस होता; त्याच्याशिवाय पुढचं चाक बसत नाही. पंक्चर काढायला तिनं चाक उतरवून ठेवलं होतं.

"तुझी ती खिडकीतली कांडी बोअरमध्ये गेली," त्यांनी संध्याकाळी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मनस्विनीच्या आईला, भानुमतीबाईंना जाऊन आठ महिने झाले होते, आणि या घरात कुणी ओरडलं नव्हतं, रडलंही नव्हतं. जेवलीस का, हो. गॅस बंद केलास का, केला. एवढ्यावर दिवस निघत होते. पण पहाटे साडेपाचला मनस्विनी सायकल घेऊन निघायची, हर्सूलकडं किंवा दौलताबादच्या रस्त्यानं. दोन तासांनी धुळीनं माखून परतायची, मग खायची, मग बँकेत जायची. तिचा सगळा दिवस त्या दोन तासांना टेकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी बँकेतही गेली नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दत्तोपंत चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. त्यांना भीती वाटली नाही. गेल्या आठ महिन्यांत त्यांना काहीच वाटत नव्हतं. पण पातळी उतरू लागली की ती कुठवर जाते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

त्यांनी चप्पल घातली आणि ते सायकलीच्या दुकानात गेले. तिथला सुदर्शन हसतमुख माणूस.

"सायकल कोणती, काका?"

"डोंगरावर जायची. लाल."

"लाल तर माझी मोपेडपण आहे. जुना आस आणा, त्याच्या जोडीचा नवा देतो."

"जुना दोनशे फूट खाली आहे."

सुदर्शननं खुर्ची पुढं केली. "मग तीन गोष्टी लागतील. जाडी, लांबी आणि टोकाच्या आट्यांमधलं अंतर."

दत्तोपंतांना आटणं ठाऊक होतं, आटे नव्हते. सुदर्शननं दोन आस हातात दिले. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाच्या टोकाचे आटे, म्हणजे स्क्रूसारख्या गोल खाचा, बारीक, दुसऱ्याच्या जरा ढोबळ.

"चुकीचा पिळला तर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातले आटे जातात. मग चिमटाच नवा, अन् तो पुण्याहून मागवायचा. हा घेऊन जा, बहुतेक बसतोय."

"बहुतेकवर मी कधी टँकर सोडला नाही," दत्तोपंत म्हणाले.

"मग मोजून आणा, साहेब."

जाडी चाकाच्या भोकावरून मिळाली, पंधरा मिलिमीटर. लांबी वहीत होतीच, एकशे पंचवीस. आटे मात्र चिमट्याच्या आत, अंधारात. तिथं पट्टी जाईना. त्यांनी बराच विचार केला आणि परात घेतली. मळलेली कणीक आत दाबली तर ठसा येईल. पण कणीक त्यांनी आयुष्यात मळली नव्हती. ती दहाही बोटांना चिकटून बसली.

परातीचा आवाज ऐकून मनस्विनी दारात आली. केस पिंजारलेले.

"बाबा, ही कणीक आहे का पतंगाची खळ?"

"पाणी जरा जास्त झालं."

"एकवीस वर्षं पाणीच मोजत होतात ना?"

तिनं परात ओढून घेतली. पीठ घातलं, मुठीनं तिंबलं. घट्ट गोळ्याची कांडी वळली, तेलाचा हात लावला आणि चिमट्याच्या भोकात दाबून भरली. कणीक जरा सुकेपर्यंत तासभर दोघं फरशीवर बसून राहिले. मग तिनं ती कांडी हळूहळू फिरवत बाहेर काढली. टोकावर आटे उमटले होते. दत्तोपंतांनी भिंग धरलं, तिनं पट्टी धरली.

"बारा मिलिमीटरात आठ," ते म्हणाले. "म्हणजे दीड."

"परत मोजा."

परत आठच भरले.

दुसऱ्या दिवशी सुदर्शननं तिन्ही आकडे पाहिले, डबा उपसला आणि एक आस काढून दिला. घरी मनस्विनीनं तो नुसत्या बोटांनी फिरवला. कुठंही न अडता शेवटपर्यंत गेला. तिनं चाक फिरवून पाहिलं आणि ती आपल्या खोलीत निघून गेली.

पहाटे दार वाजलं. दत्तोपंत जागेच होते. आता आनंद व्हायला हवा, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. झाला नाही. उठून त्यांनी चहा टाकला. सात वाजले, साडेसात वाजले, आणि दारात धुळीनं माखलेले बूट दिसले.

"हर्सूलच्या तलावात लोक क्रिकेट खेळतायत," ती म्हणाली. "मधोमध. खेळपट्टी केलीय."

"पाणी?"

"कडेला थोडं आहे. म्हशी बसल्यात." ती बूट काढत खाली बसली. "उद्या मला पाचला उठवा."

"बरं," दत्तोपंत म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कप भरला.