मेतकुटाच्या डब्यातल्या गोळ्या

मेतकुटाचा डबा मी इतक्या ऐटीत देऊन टाकला की अजून आठवलं तरी कान गरम होतात. पुण्याहून येणाऱ्याने इतरांचं सामान आणायचं आणि ज्याचं सामान त्याने आणणाऱ्याला थोडं काढून द्यायचं, ही सिंगापुरातल्या आम्हा मराठी मंडळींची रीत. नुकत्याच पुण्याहून आलेल्या मित्राकडे बिशानला गेलो, आमच्या सामानातलं लोणचं उचललं आणि म्हणालो, "मेतकूट अख्खं ठेव. आमच्याकडे कोण खातंय?"

यिशुनला घरी आलो. बायकोने पिशवी उलटी केली.

"डबा कुठाय?"

"दिला."

"अहो, गोळ्या होत्या त्यात!"

पुण्याहून सामान पाठवणाऱ्या मेहुण्याने ईमेलमध्ये तसं लिहिलं होतं. तो मी ऑफिसात वाचला होता, माझ्या पद्धतीने, म्हणजे निम्मा.

बायकोला हिपॅटायटिस बी. जुना, मुक्कामालाच आलेला. रोज एक गोळी, आणि मध्येच थांबली तर लिव्हरवर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. गोळी इथेही मिळायची. पण नोकरीच्या पासवर राहणाऱ्या आम्हाला सरकारी सवलत नव्हती आणि माझ्या कंपनीच्या विम्यात आधीपासूनचा आजार बसत नव्हता. म्हणून पुण्याहून मागवायची. आणि लपवून, कारण आजाराचं नाव कळलं की लोक तिच्या हातचा चहासुद्धा नको म्हणतील, ही धास्ती.

घरात तीनच गोळ्या उरल्या होत्या. दोनदा पाणी पिऊन मी फोन लावला.

"अरे, तो डबा..."

"गोळ्या ना? सापडल्या," मित्र म्हणाला. "घेऊन जा. पण सांगायचंस तरी! चांगी विमानतळावर बॅग उघडली असती तर दुसऱ्याच्या औषधांचं मी काय उत्तर दिलं असतं? पास रद्द होऊन बायकापोरांसकट परत जावं लागलं असतं मला."

"हिच्यासाठी आहेत रे."

"कळलं ते. वहिनींना जप. पण यापुढे माझ्याकडून नको, प्लीज."

ओरडला असता तर मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली असती. तो अगदी हळू बोलला.

पाकीट घेऊन आलो. त्यात तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. "यापुढे तो आणणार नाही. पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी बघू," मी म्हणालो. कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं.

बायकोने त्या दिवसाची गोळी घेतली, पाकीट कपाटात ठेवलं.

"त्यांचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "आपण त्यांना विचारलंच नव्हतं. आता हे संपल्यावर काय, ते तुम्ही मला विचारू नका. मीही तुम्हाला विचारणार नाही."