बंद घराच्या दारातली रांगोळी
ओल्या शेणाचा वास आला की मला पूर्णेची रेल्वे क्वार्टर्स आठवतात. ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असेल, नाताळच्या सुट्टीत आम्ही पाथरीला आजोळी निघालो होतो. पलीकडच्या लाईनीत नुकतीच बंद घरं फुटली होती, म्हणून आईनं पुढचं दार आतून लावलं, मागच्या दाराला कुलूप घातलं आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "रोज आमच्याबी दारात सडा-रांगोळी करा, म्हंजी घर नांदतं दिसंल." काकू म्हणाल्या, "जावा बिनघोर." हुरडा खाऊन, कपड्यांना शेकोटीचा धूर घेऊन आम्ही परतलो, तेव्हा आमच्या दारात ओला सडा आणि ठिपक्यांची ताजी रांगोळी होती. काकूंचं अंगण मात्र कोरडं होतं. आई तिथंच थबकली, कारण काकूंच्या दारातली रांगोळी फक्त सुतकातच थांबायची. आम्ही नसताना त्यांच्या सासूबाई गेल्या होत्या. आईनं हळूच विचारलं, "अवं बाई, सुतकात रांगोळीला हात लावला तुमी?" काकू पदर सावरत म्हणाल्या, "सुतक आमच्या घरात हाय, तुमच्या न्हाई. तुमचं दार कोरं ठिवलं असतं तर चोराला आवतनच की." परवा घराचा विमा काढताना एजंटानं विचारलं, सुट्टीत बंद घराकडं लक्ष कोण ठेवतं? मी कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. शेजारी कोण राहतं, हे त्यानं विचारलं नाही, बरं झालं.